बुचाखालची साय

डब्याचं झाकण मिहिकाला उघडता येईल का, या काळजीनं मला काल झोप लागली नाही.

मिहिका साडेचार वर्षांची आहे. डबा नवा, झाकण घट्ट, आणि शाळेत मी नाही. नवरा म्हणाला, "नाही उघडलं तर बाईंना सांगेल." हे मलाही माहीत होतं. पण माहीत असणं आणि झोप लागणं यांचा माझ्या बाबतीत फारसा संबंध नसतो. सकाळी तिच्या वेण्या घालता घालता मी तिला एक गोष्ट सांगितली. तीच इथे लिहिते आहे. लहानांसाठी आहे, आणि मोठ्यांपैकी ज्यांना डब्यांची झाकणं छळतात त्यांच्यासाठीही.

गोष्टीत आसव आहे. दूध असतं तर मला जास्त बरं वाटलं असतं, पण दुधावरची साय या गोष्टीतल्या सायीसारखी वागत नाही, त्याला माझा इलाज नाही. मोठ्यांनी आसवच समजावं, लहानांनी द्राक्षाचा रस समजावा.

तर ऐका.

पुष्कळ पूर्वी, समुद्राला अजून कुणी नाव दिलं नव्हतं तेव्हा, त्याच्या काठावर पांढऱ्या मातीची एक टेकडी होती. माती इतकी पांढरी की भर उन्हात डोळे बारीक केल्याशिवाय तिच्यावरून चालता येत नसे. त्या मातीत द्राक्षांचे वेल होते. वेलांच्या मधे मधे उंच छपरांची, जाड भिंतींची कोठारं होती. आणि कोठारांत एक आसव मुरत असे.

ते गोड नव्हतं. रंग वाळलेल्या गवताच्या काडीसारखा फिका, आणि चव अगदी कोरडी. पहिल्या घोटाला जीभ दचके. दुसऱ्या घोटाला तोंडाला पाणी सुटे. मग माणसाचा हात आपसूक खारवलेल्या बदामांच्या वाटीकडे जाई, आणि बदामावर पुन्हा एक घोट हवासा वाटे. समुद्रावरचं वारं कुणी पेल्यात ओतून दिलं तर कसं लागेल, तसं ते लागे. दूर देशीचे खलाशी त्याच्यासाठी वाट वाकडी करून त्या बंदरात येत.

हे आसव करायची टेकडीची स्वतःची पद्धत होती. पांढरी द्राक्षं तुडवून रस काढायचा. तो लाकडी पिंपात फसफसू द्यायचा. फसफस थांबली की द्राक्षांचाच कडक अर्क त्यात बेतानं घालायचा. आणि पिंप काठोकाठ भरायचं नाही, वर जागा मोकळी सोडायची.

का? तर त्या मोकळ्या जागेत, आसवाच्या अंगावर, एक साय धरत असे. दुधावर धरते तशीच पांढरी आणि सुरकुतलेली. पण ही साय जिवंत होती. ती आसवाला वारा लागू देत नसे. आतलं जड, गुळचट जे काही असेल ते खाऊन टाकी. साय अखंड आहे तोवर आसव फिकं आणि तरतरीत राही. साय फाटली की वारा आत घुसे, आणि आसव चिरून ठेवलेल्या वांग्यासारखं काळवंडून जाई.

आता टेकडीची रीत ऐका, कारण सगळी गोष्ट तिच्यावर आहे.

कोठाराची किल्ली सासूकडून सुनेकडे जाई. पण अशीच जात नसे. सुनेनं आधी एक पिंप स्वतःच्या हातानं भरायचं, राखायचं, आणि गलबतं परत येण्याच्या सणाला सगळ्यांसमोर उघडायचं. पहिला पेला गलबतांच्या म्हाताऱ्या तांडेलाला द्यायचा. त्यानं पेला रिकामा केला, तर किल्ली सुनेची. त्यानं अर्धा पेला खाली ठेवला, तर किल्ली शेजारच्या कोठाराकडे जायची, आणि पणज्यांनी भरलेल्या पिंपांच्या रांगाही गडगडत शेजारी जायच्या.

त्या वर्षी एका घरात अशीच नवी सून होती.

पोरगी हौशी होती, हुशार होती, हातानं झपझप काम करणारी होती. तिच्यात एकच खोड होती. तिला झाकण दिसलं की राहवत नसे. भात चुलीवर असला की ती पुन्हा पुन्हा झाकण काढून बघे, वाफ निघून जाई, आणि भाताला रोज कणी राही.

"काय गं, आज तरी शिजला का?" सासरा जेवायला बसताना विचारी.

"मी सारखी बघत होते, मामंजी," ती म्हणे.

"तेच म्हणतोय मी," सासरा म्हणे, आणि कणीदार भात मुकाट्यानं आमटीत कालवी.

द्राक्षतोडणीचे दिवस आले आणि टेकडीवर नुसती धांदल उडाली! टोपल्या, आरोळ्या, चिकट हात, घोंघावणाऱ्या मधमाश्या. पोरंटोरं द्राक्षं खाऊन खाऊन पोट धरून बसली. सुनेनं आपल्या पिंपासाठी स्वतः निवडून घड तोडले, चटईवर ऊन दाखवलं, पाय धुऊन हौदात उतरली आणि नाचत नाचत रस काढला. रस पिंपात गेला तसं पिंप घुमायला लागलं. ती त्याला कान लावून उभी राही आणि जो भेटेल त्याला ओढून आणी. "ऐका ना, आत कसं बोलतंय! ऐका तर!"

घुमणं थांबलं तेव्हा सासूबाईंनी तिच्या हातात अर्काचा तांब्या दिला.

"घाल आता. पण बेतानं. कमी पडला तर आसव आंबेल, जास्त झाला तर साय धरणारच नाही."

"किती घालू?"

"घरात एखादं माणूस कडक असावं, पण सगळ्यांची जीभ भाजेल इतकं नको. तेवढा."

सून सासूबाईंकडे बघून गालात हसली, आणि तेवढाच घातला.

आणि मग एका सकाळी साय धरली! आधी पांढरे ठिपके, दह्याच्या कवडीसारखे. मग ठिपक्याला ठिपका लागला. मग सगळ्या पिंपभर नाजूक, सुरकुतलेली, मऊ साय. सुनेनं आनंदानं अशी किंकाळी फोडली की सासरा फावडं घेऊन धावत आला. त्याला वाटलं, साप निघाला.

नेमकं तेव्हाच सासूबाईंना बोलावणं आलं. त्यांची लेक समुद्रापलीकडे दिली होती, तिचे दिवस भरत आले होते. सासूबाईंनी गाठोडं बांधलं. गलबतावर चढण्याआधी त्या सुनेला घेऊन कोठारात आल्या.

"नीट ऐक. सकाळ-संध्याकाळ फरशीवर पाणी शिंपडायचं. पश्चिमेची खिडकी समुद्राच्या वाऱ्याला उघडी ठेवायची, पूर्वेची बंद. एवढंच."

"आणि पिंप?"

"पिंप उघडायचं सणाच्या दिवशी."

"मधे एकदासुद्धा नाही बघायचं?"

"बघून तू काय करणार? तिला शिकवणार आहेस का, साय कशी धरायची ते?" सासूबाई हसल्या, सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेल्या.

सून कोठारात एकटी राहिली.

एकटी म्हणजे अगदी एकटी नाही. वरच्या तुळईवर एक पाल राहत होती. रोडावलेली, किडकिडीत पाल. सून पाणी शिंपडायला आली की पाल तुळईच्या टोकाला येई आणि खाली बघे.

"चुक् चुक्," पाल म्हणाली. "वहिनी, आत सगळं ठीक आहे ना?"

सुनेचा हात थांबला. "ठीकच असणार. का?"

"नाही, आपलं सहजच. मी म्हटलं, साय इतकी नाजूक! वारं जरा जास्तच सुटलं होतं सकाळी. पण तुम्हाला माहीत असेलच सगळं."

सुनेला काहीच माहीत नव्हतं. तिनं हळूच बूच काढलं आणि आत डोकावली. साय छान होती, अखंड, पांढरीशुभ्र. तिचा जीव भांड्यात पडला. पण आत अंधार होता. आसवाचा रंग काही दिसेना. मग भिंतीवरची लांब दांड्याची पळी तिनं काढली, सायीतून आत सोडली आणि थेंबभर आसव वर काढून चाटून बघितलं. किती छान लागलं! कोरडं, झणझणीत, अगदी हवं तसं! बूच लावून ती गाणं गुणगुणत घरी गेली.

बूच उघडलं तेव्हा आतल्या आंबूस वासावर टपलेली इवलीइवली चिलटं भिरभिरत वर आली होती. तिचं तिकडे लक्षच नव्हतं. पालीचं मात्र होतं. जीभ लपकन बाहेर आली आणि लपकन आत गेली.

दुसऱ्या दिवशी पाल म्हणाली, "चुक् चुक्. काल ठीक होतं म्हणजे आज ठीक असेलच असं नाही, नाही का वहिनी?"

आता यावर काय बोलायचं? तुम्हीच सांगा. मी असते तर लगेच बघितलं असतं. सुनेनंही तेच केलं. तिनं बूच काढलं.

मग ते रोजचंच झालं. सकाळी पाणी शिंपडायचं आणि बघायचं. संध्याकाळी पाणी शिंपडायचं आणि बघायचं. ऊन वाढलं म्हणून बघायचं, ढग आले म्हणून बघायचं. दर वेळी पळी आत जाई, दर वेळी सायीला एक भोक पडे. साय बिचारी भोक बुजवायला घेई, तोवर पळी परत. आणि वर तुळईवर पाल मात्र दिवसेंदिवस टरारत चालली होती.

शेजारच्या कोठाराची मालकीण हे सगळं मधल्या दगडी गडग्यापलीकडून बघत होती. बाई मोठ्या आवाजाची, मोठ्या नथीची. सुनेचं पिंप बिघडलं तर किल्ली हिच्याकडेच जायची होती.

"अगं ए सूनबाई!" ती एकदा गडग्यावरून ओरडली. "एवढ्या वेळा तर मी माझ्या पोराचा झोपेत श्वास तपासला नाही, आणि तो तर सातव्या महिन्यातच जन्मला होता!"

"तुम्हाला काय होतंय, काकू? पिंप माझं आहे."

"मग राहू दे की तुझं! कशाला त्याला सारखं जागं करतेस?"

सुनेनं मान उडवली आणि आत गेली. 'हिला आमची किल्ली हवी आहे,' ती मनाशी म्हणाली. 'मी लक्ष ठेवते हेच हिच्या डोळ्यांत खुपतंय.' आणि लक्ष ठेवायचं म्हणून तिनं आणखी एकदा बूच काढलं.

एका दुपारी पळी वर आली तेव्हा तिच्यातलं आसव फिकं नव्हतं.

सुनेनं पळी उजेडात नेली. रंग पिवळट झाला होता, कडेनं तपकिरीकडे झुकला होता. तिनं दिवा पेटवून आत पाहिलं. साय फाटली होती. इथे एक तुकडा, तिथे एक तुकडा, डबक्यावर सुकी पानं तरंगावीत तसे. आणि मधल्या सगळ्या जागेत उघडं, काळपट आसव.

सण जवळ आला होता. सासूबाई येणार होत्या. खालच्या रांगेत पणजसासूनं भरलेलं पिंप होतं, त्याच्यावर आजेसासूचं, त्याच्यावर सासूबाईंचं. ते सगळं आता गडग्यापलीकडे जाणार होतं, आणि का, तर हिनं जपलं म्हणून!

ती पळी हातात घेऊन तशीच धावत सुटली. कुठं जातेय हे तिचं तिलाही कळलं नाही. थांबली ती शेजारणीच्या ओट्यावर.

"काकू, माझी साय फाटली."

शेजारीण मिरच्या खुडत होती. तिनं पळीत बोट बुडवलं, चाटलं, तोंड वाकडं केलं.

"रडू नकोस, आसवात पाणी पडेल. मेली नाही अजून. तुमच्या खालच्या रांगेत जुनी साय आहे ना, ती काय शोभेला ठेवलीय? पळीभर उचल आणि या पिंपात अल्लद तरंगत सोड. म्हातारी साय आहे, तिला सगळी कामं येतात. ती पसरेल, हे तुकडे जोडून घेईल."

"आणि मग?"

"मग काही नाही."

"काही नाही म्हणजे काय करायचं?"

"काही नाही म्हणजे काही नाही करायचं! पाणी शिंपड, खिडकी उघड, घरी जा."

सून घुटमळली. "काकू, एक विचारू? आमचं पिंप बिघडलं असतं तर आमची किल्ली तुम्हालाच मिळाली असती."

"मिळाली असती की!" शेजारीण म्हणाली. "अगं, माझी एक किल्ली मला रोज सापडत नाही. सगळं घर शोधत फिरतं. दुसरी घेऊन मी काय करू? आणि सणाला गडग्याशी उभं राहून भांडायला शेजारी कुणी नको का?"

सुनेला हसू आलं आणि रडूही आलं. तिनं सांगितल्याप्रमाणे केलं. खालच्या रांगेतल्या जुन्या पिंपातून पळीभर साय उचलली, श्वास रोखून आपल्या पिंपात नेली, तरंगत सोडली. मग बूच लावलं. मग पळी धुतली, पुसली, आणि परत शेजारणीच्या दारात गेली.

"ही तुमच्याकडे ठेवा, काकू. माझ्याकडे राहिली तर मी बघणारच. माझी मला खात्री आहे."

शेजारणीनं तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. काहीतरी टोमणा मारायचा तिच्या अगदी ओठांवर आला होता, तो तिनं गिळला. पळी घेतली आणि आतल्या खोलीत, हळदीच्या बरणीमागे ठेवून दिली.

पळी गेली, पण बूच तर तिथेच होतं. ते सैलच असतं, दोन बोटांनी निघतं. आणि तुळईवर पाल होती.

"चुक् चुक्. वहिनी, ती साय पसरली असेल का हो?"

सून फरशीवर पाणी शिंपडत राहिली.

"नाही, कारण जुनी साय म्हणजे वय झालेलं असतं. जमलं नाही तर?"

सुनेनं पश्चिमेची खिडकी उघडली. समुद्राचं वारं आत आलं.

"बुरशी धरली असेल तर? उंदीर पडला असेल तर? मी रात्री धप्प असा आवाज ऐकला. आता तो उंदराचाच असेल असं मी म्हणत नाही."

सुनेचा हात बुचावर गेला. बोटं बुचाला टेकली. मनात आलं, एकदाच. डोळ्यांनीच. पळी तर नाहीच आहे. एकदा बघितलं की मग निवांतपणे वाट बघता येईल.

मग तिला आठवलं की हेच ती पहिल्या दिवशीही म्हणाली होती.

तिनं हात काढून घेतला आणि पाठीमागे धरला. एका हातानं दुसरा हात, घट्ट. तशीच ती पिंपाजवळ उकिडवी बसली आणि लाकडाला कान लावला. आत काही ऐकू येत नव्हतं. खूप वेळ ऐकलं तेव्हा बारीकशी सळसळ आल्यासारखं वाटलं. कदाचित ती सायीची असेल, कदाचित तिच्याच कानातली. ती उठली आणि घरी गेली. त्या दिवशी भात चुलीवर ठेवला आणि त्याच्याकडे पाठ करून बसली. सासऱ्यानं पहिला घास घेतला, ताटाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, आणि पुन्हा भात वाढून घेतला.

असे दिवस जात राहिले. पाल रोज नवं भय काढी, आणि सून रोज पाणी शिंपडून निघून जाई. पाल वाळत चालली. तिचा आवाज बारीक झाला. आणि सणाच्या आदल्या दिवशी तिचा धीर सुटला.

"उघडा ना हो वहिनी!" पाल ओरडली. "उघडा एकदाचं! पोटात काही नाही माझ्या!"

"पोटात? तुझ्या पोटाचा माझ्या पिंपाशी काय संबंध?"

"तुम्ही बूच काढलंत की चिलटं वर येतात! केवढी गुबगुबीत! आता कुठून आणू?"

सुनेनं मान वर करून तुळईकडे पाहिलं.

"म्हणजे," ती म्हणाली, "इतके दिवस काळजी मी करत होते, आणि जेवत तू होतीस!"

आणि तिला हसू फुटलं. ती हसली, हसली, इतकी हसली की पाण्याचा तांब्या हातातून निसटला. गडग्यापलीकडून आवाज आला, "काय गं, वेड लागलं की काय?"

"नाही काकू, गेलं!"

सणाचा दिवस उजाडला. काय सांगू तुम्हाला तो दिवस! क्षितिजावर पहिलं शीड दिसलं आणि टेकडीवरून आरोळी उठली. मग दुसरं शीड, मग तिसरं, मग मोजायचं कोण! ढोल वाजले. तव्यांवर मांदेली चरचरायला लागली. ओल्या फडक्यांत गुंडाळलेले मातीचे घडे सावलीत गार होत होते, कारण हे आसव गार असलं तरच खुलतं. खारवलेल्या बदामांच्या परड्या भरल्या. मुलांसाठी द्राक्षरसाचे माठ आले. पहिल्या गलबतातून म्हातारा तांडेल उतरला, आणि त्याच्यामागून गाठोडं सावरत सासूबाई.

"मुलगी झाली!" त्या लांबूनच ओरडल्या. "काळी कुळकुळीत, गोड! आणि तुझं पिंप कसं आहे?"

"माहीत नाही, आत्याबाई," सून म्हणाली.

सासूबाई थबकल्या. सून असं म्हणेल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

सगळा गाव कोठारासमोर जमला. शेजारणीनं पळी आणून सुनेच्या हातात दिली. पळीच्या दांड्याला थोडी हळद लागली होती, ती सुनेनं पदरानं पुसली. मग तिनं बूच काढलं.

आत पाहायला ती वाकली नाही. पळी सरळ, एका दमात आत सोडली. भीत भीत सोडली की साय तिला लगडते. सरळ गेली की साय बाजूला होते आणि मागून मिटून जाते. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, इतक्या वेळा चुकीचं करून करून ते हाताला कळलं होतं. पळी भरून वर आली. सुनेनं ती डोक्याच्याही वर नेली आणि खाली धरलेल्या छोट्या पेल्यात धार सोडली. बारीक, लांब, चमकणारी धार. एक थेंब बाहेर सांडला नाही.

लोकांनी माना पुढे काढल्या. रंग फिका होता. पण अगदी वाळल्या गवतासारखा नाही. त्याच्यात सोन्याची एक झाक होती, पुसट.

तांडेलानं पेला उन्हात धरला. वास घेतला. भुवया एकत्र आल्या. सुनेनं पुन्हा एका हातानं दुसरा हात धरला.

तांडेलानं घोट घेतला. थांबला. एक बदाम तोंडात टाकला. पुन्हा घोट. पुन्हा थांबला. मग पेला तोंडाला लावला आणि मान मागे टाकून रिकामा केला, आणि हाताच्या तळव्यावर उपडा धरून सगळ्यांना दाखवला. तळवा कोरडा होता.

"भर समुद्रात," तांडेल म्हणाला, "दिवसच्या दिवस वारा पडलेला असतो, शीड लुळं पडतं, तेव्हा मी डोळे मिटून हीच चव आठवतो. कुठाय दुसरा पेला?"

मग जो ओरडा झाला तो समुद्रापलीकडच्या नव्या बाळालाही ऐकू गेला असेल!

सासूबाईंनी कमरेची किल्ली काढली आणि सुनेच्या कमरेला अडकवली. मग एक घोट स्वतः घेतला आणि पेला तिरका करून ती सोनेरी झाक पाहिली.

"ही झाक कसली गं?"

सुनेनं मान खाली घातली. "बघण्याची, आत्याबाई. सुरुवातीला फार बघितलं मी."

"हं," सासूबाई म्हणाल्या. "मिसळून जाईल. आता हे वरच्या रांगेत जाईल, पुढच्या वर्षी थोडं मधल्या रांगेत उतरेल, मग खालच्या. जुन्या रांगा पुष्कळ काही पोटात घालतात."

आणि तसंच झालं. त्या कोठाराचं आसव पुढं दूरदूरच्या बंदरांत गेलं. सुनेच्या हातचा भातही नावाजला गेला. पाल मात्र त्या दिवसानंतर तुळईवर कुणाला दिसली नाही.

तात्पर्य: जे आत आपलं आपण घडत असतं, त्याची राखण जरूर करावी, पण सारखं झाकण उघडून बघू नये.

तोवर वेण्या घालून झाल्या होत्या. मी डबा भरला, झाकण लावलं, आणि ते पुन्हा उघडून बघितलं नाही. मिहिका दप्तर पाठीला लावून दारात उभी होती, अगदी गंभीर. तात्पर्य पोचलं, असं मला वाटलं. मग ती म्हणाली,

"म्हणजे पाल उपाशीच गेली? आपल्या बाथरूममध्ये आली असेल तर तिला माझ्या डब्यातली पोळी देऊ या, आई. झाकण मी उघडीन. मला येतं."